सुरतेची वखार आणि क्योटोचा जुलै

क्योटो शहरातल्या गिओन उत्सवात दर वर्षी २४ जुलैला जी मिरवणूक निघते, तिच्यात मिनामी-कान्नोन-यामा नावाचा एक रथ असतो. मागच्या अंगाला विलोची भलीमोठी फांदी झुलत असते, वर बासरी आणि झांजा वाजवणारी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात आणि पुढे दोर ओढणाऱ्यांची रांग चालते. ज्या आळीचा हा रथ, तिने एक जुने वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. देवतेपुढे अंथरायची ती हिंदुस्थानी छीट आहे आणि तिच्यावर जपानी कालगणनेतले साल नोंदलेले आहे. ते साल म्हणजे इ. स. १६८४. महाराष्ट्रात तेव्हा संभाजीराजांची कारकीर्द चालू होती. आज आपल्याकडच्या मुलांना जपानी उन्हाळ्याची जत्रा तोंडपाठ आहे. युकाता नेसलेल्या मुली, कागदी कंदील, आतषबाजी, कागदाच्या पळीने सोनमासे पकडण्याचा खेळ, हे सगळे डोरेमॉनपासून नव्या ॲनिमेपर्यंत त्यांनी इतके वेळा पाहिलेले असते की ते त्यांना शेजारच्या गल्लीतले वाटावे. या चित्राबरोबर एक समजही येतो: जपानने आपले ऋतू, आपले सण आणि आपले कपडे बाहेरच्या वाऱ्यापासून झाकून ठेवले आणि म्हणून ते इतके निर्भेळ राहिले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जपानी सणांचा आणि त्यांभोवती वाढलेल्या शहरी हौसेचा बराचसा साज हिंदुस्थानी कापडाने घडवला. सुरत हे त्या कापडाचे एक मोठे दार होते. आणि एवढे मान्य केल्याने तो सण कमी जपानी ठरत नाही.

गिओन उत्सवाची सुरुवात इ. स. ८६९ मधल्या एका साथीच्या रोगाशी जोडली जाते. रोगराई शमावी म्हणून भाले उभारून देवतेची मिरवणूक काढली गेली. पुढे पंधराव्या शतकातल्या ओनिन युद्धात क्योटोची राखरांगोळी झाली, उत्सव बंद पडला आणि १५०० साली तो पुन्हा सुरू झाला, तो शहरातल्या व्यापारी आणि कारागीर आळ्यांच्या बळावर. आज १७ जुलैच्या मिरवणुकीत २३ आणि २४ जुलैच्या मिरवणुकीत ११ रथ निघतात. प्रत्येक रथ एकेका आळीच्या मालकीचा, आणि त्याच्या चारी बाजूंना काय लटकते यावर त्या आळीची अब्रू. आपल्याकडच्या गणेश मंडळांत देखाव्यावरून जी ईर्ष्या चालते, तीच ईर्ष्या तिथे कापडावर चालली. कान्को-होको या रथाच्या दर्शनी भागावर तर सोळाव्या शतकातला फ्लेमिश पडदा होता आणि त्यावर बायबलमधला प्रसंग विणलेला आहे: विहिरीवर पाणी पाजणारी रिबेका. जपानात ख्रिस्ती धर्माला देहान्ताची शिक्षा होती त्या काळात, शिंतो देवतेच्या मिरवणुकीत! आळीतल्या लोकांना त्या प्रसंगाचा अर्थ माहीत नसणार, किंवा माहीत करून घ्यायची गरज वाटली नसणार. कापड दुर्मीळ होते, रंग उठावदार होते, एवढे पुरेसे होते. याच रथांवर इराणी, चिनी आणि हिंदुस्थानी गालिचे आहेत. त्यांतला एक गट अभ्यासकांनी दख्खनी मागांवरचा मानला आहे. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत ज्यांचे नमुने पाहायला मिळणे कठीण, असे दख्खनी गालिचे क्योटोच्या आळ्यांनी शतकानुशतके जुलैच्या उन्हात मिरवले.

हे कापड तिथवर गेले कसे, याची हकिगत आपल्या किनाऱ्यावरूनच सुरू होते. पहिली फेरी पोर्तुगीजांची. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी त्यांची वाट होती, आणि तिच्यावरून चौलचे पट्ट्यांचे रेशीमही गेले. आज अलिबागजवळ रेवदंड्याच्या शेजारी नारळी-पोफळीत विसावलेले हे गाव तेव्हा रेशीम विणणाऱ्यांचे नावाजलेले बंदर होते. जपानात सामुराईंच्या हाकामासाठी, म्हणजे त्या घोळदार चुणीच्या विजारीसाठी, हे पातळ पट्टेदार रेशीम वापरात आले आणि त्याला 'चाऊ' म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योटोचे विणकर ते स्वतःच विणू लागले, तेव्हाही नाव तेच राहिले. दुसरी फेरी इंग्रजांची, आणि तिची सुरुवात सरळसरळ दांडगाईने झाली. १६१२ मध्ये हेन्री मिडल्टन आणि जॉन सॅरिस या दोन कप्तानांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी गुजरातकडून आलेली जहाजे अडवली आणि आपला न खपणारा इंग्रजी माल गळ्यात मारून त्यांचे कापड जबरदस्तीने घेतले. त्यानंतर सॅरिसचे 'क्लोव्ह' हे जहाज पूर्वेला निघाले आणि जून १६१३ मध्ये जपानच्या हिरादो बंदरात पोहोचले. तिथे त्याची गाठ पडली विल्यम ॲडम्सशी, म्हणजे ज्याच्या आयुष्यावरून जेम्स क्लॅव्हेलने १९७५ मध्ये 'शोगुन' कादंबरी लिहिली आणि २०२४ मध्ये ज्या मालिकेने एमी पुरस्कारांची लूट केली, त्या कथेतल्या इंग्रजाच्या मूळ माणसाशी. जगभर गाजलेल्या या जपानी वेडाच्या मुळाशी जो व्यापार होता, त्याच्या गाठोड्यात गुजराती कापड होते. इंग्रजांची हिरादोची वखार १६२३ मध्ये बंद पडली. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये जपानने हाकलले. उरले डच. १६४१ पासून त्यांना नागासाकीसमोरच्या देशिमा या पंख्याच्या आकाराच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवले गेले, आणि पुढची दोनशे वर्षे युरोपीयांपैकी फक्त त्यांनाच जपानशी व्यापार करता आला.

या डचांचे दुसरे टोक सुरतेत होते. पीटर व्हान डेन ब्रूके १६१६ मध्ये तिथे आला आणि थोड्याच वर्षांत वखार उभी राहिली. मराठी वाचकाला ही वखार एका वेगळ्याच कारणाने माहीत आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, विरजी व्होरासारख्या धनाढ्यांची घरे रिकामी झाली, पण डच आणि इंग्रज वखारींनी आपला बचाव केला. त्या वेळी डच वखारीचा प्रमुख डर्क व्हान आद्रिखेम होता, आणि त्या दिवसांबद्दल आपल्याला जे समकालीन तपशील मिळतात त्यांतले कित्येक डच कागदांतले आहेत. पहिली लूट जानेवारीत, दुसरी १६७० च्या ऑक्टोबरात. दोन्ही वेळा पाऊस संपलेला आणि सुरतेचा जहाजी हंगाम सुरू असलेला. यात योगायोग कमी आणि हिशेब जास्त असावा, कारण सुरतेची तिजोरी ऋतूप्रमाणे भरत आणि रिकामी होत असे. कापडावर ठशांचे काम पावसाळ्यात थंडावे, कारण रंग पक्का व्हायला ऊन हवे. पाऊस सरला की सुरतेजवळच्या सुवाळीच्या नांगरवाड्यात जहाजे लागत. वाऱ्याची दिशा बदलायच्या आत ती बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघत. तिथून जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा धरून जपानची गलबते सुटत आणि ऑगस्टच्या सुमारास नागासाकीत नांगर टाकत. शरद ऋतूत ती परत फिरत. येताना त्यांच्या पोटात पूर्वी चांदी असे. १६६८ मध्ये जपानने डचांना चांदी नेण्यास मनाई केल्यावर तांब्याच्या कांड्यांना महत्त्व आले, आणि त्या जपानी तांब्याला सुरतेच्या बाजारात चांगले गिऱ्हाईक होते. म्हणजे ज्याला आपण जपानचा ऋतुचक्राशी बांधलेला सण म्हणतो, त्याला लागणारा माल आमच्या मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत होता.

या कापडाचे एवढे कौतुक का, हे समजायला छीट जवळून पाहावी लागते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग तुरटीचे दाट द्रावण ठशाने किंवा लेखणीने नेमक्या जागी लावतात. हे लावलेले नीट दिसतही नाही. नंतर संपूर्ण कापड लाल रंगाच्या मुळांच्या काढ्यात उकळले की जिथे तुरटी बसली आहे तिथेच तांबडा चढतो, बाकीचा धुऊन जातो. निळीसाठी उरलेला भाग मेणाने झाकायचा आणि कापड कुंडात बुडवायचे. असा रंग साध्या धुण्याने निघत नाही. जपानला रेशीम रंगवण्याची कला उत्तम येत होती, पण सुती कापडावर असे अनेक रंग, तेही पक्के, ही गोष्ट त्यांना नवी होती. तिथल्या दमट उन्हाळ्यात सुती कापड अंगाला बरे वाटते आणि धुता येते. जपानी लोक या छिटीला 'सारासा' म्हणू लागले. सुरुवातीला ती चहाच्या समारंभात शिरली, जिथे एखाद्या वाडग्याला गुंडाळायच्या वीतभर तुकड्याचीही चर्चा होई. हिकोनेच्या ई घराण्याने जमवलेले सुमारे ४५० तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या काळात हिंदुस्थानात कोणते नक्षीकाम चालत होते, याचा तो एक दप्तरखानाच आहे.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हाताने चितारलेली सर्वांत नाजूक छीट कोरोमंडल किनाऱ्याची, मच्छलीपट्टण आणि त्याच्या दक्षिणेची. मग सुरतेला श्रेय का द्यायचे? नाजूक छिटीचे श्रेय सुरतेला देऊच नये, हे मान्य. जपानात ज्याला सर्वांत मोठी किंमत आली, त्या मालाचा मोठा हिस्सा पूर्व किनाऱ्याचाच असणार. पण व्यापार नुसत्या उत्कृष्ट मालावर चालत नाही. गुजरातचे काम ठशांचे होते, म्हणून ते भराभर आणि स्वस्तात होई. ते इजिप्तच्या फुस्तातमध्ये उत्खननात सापडले आहे आणि इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी कुलवस्तू म्हणून शतके सांभाळलेले आहे. ज्या डच साखळीने ते बटाव्हियाला नेले, तीच साखळी पुढे नागासाकीला जात होती. शिवाय सुरतेकडे भांडवल होते, दलाल होते, जहाजे होती आणि जपानी तांब्याला गिऱ्हाईक होते. एखादे कापड कुठे रंगले एवढेच पाहून बंदराचे काम मोजले तर मुंबईने एकोणिसाव्या शतकात काहीच केले नाही असे म्हणावे लागेल, कारण कापूस तर खानदेश-वऱ्हाडात पिकला.

दुसरा आक्षेप असा की ही श्रीमंतांची चैन होती, तिला लोकसंस्कृती म्हणणे हा शब्दांचा खेळ. सतराव्या शतकापुरते यात तथ्य आहे. अठराव्या शतकात मात्र चित्र बदलते. १७७८ मध्ये 'सारासा बेनरान' हे नक्षीनमुन्यांचे छापील पुस्तक निघाले आणि १७८५ मध्ये 'सारासा झुफु'. नमुन्यांची पुस्तके छापून विकली जातात ती गिऱ्हाईक वाढले म्हणून. कागदी साचे कापून तिथलेच रंगारी नक्कल करू लागले, आणि साकाई, नागासाकी, एदो (म्हणजे आजचे तोक्यो) अशा गावोगावच्या सारासा प्रसिद्ध झाल्या. ज्याला अख्खा किमोनो परवडत नाही त्याने तंबाखूची पिशवी शिवली, ज्याला कायद्याची भीती त्याने अस्तर लावले. भीती खरी होती. शहरवासीयांनी रेशीम आणि भपका मिरवू नये म्हणून शोगुनांची फर्माने वारंवार निघत. मग बाहेरून साधा गडद सुती किमोनो आणि आत, फक्त बाही मागे सरली तर दिसेल अशी सारासा, ही एदोच्या रसिकांची तऱ्हा झाली. पट्ट्यांच्या कापडाचे तसेच. हिंदुस्थानी पट्टेरी सुती मालाने गोडी लावली आणि पुढे देशी मागांनी ती पुरवली. कुकी शूझो या तत्त्वज्ञाने १९३० मध्ये 'इकी' या शहरी रसिकतेची मीमांसा लिहिली, तेव्हा तिचे नेमके रूप त्याला उभ्या पट्ट्यांत दिसले. काबुकीचा नट एखादी नक्षी अंगावर घाली आणि शहर ती उचले. सानोगावा इचिमात्सु या अठराव्या शतकातल्या नटाची चौकट आज 'डीमन स्लेयर'च्या नायकाच्या अंगावर आहे. ती चौकट हिंदुस्थानी नव्हे, पण नटाकडून बाजाराकडे आणि बाजाराकडून लोकांकडे जाण्याची ही वाट कापडानेच पाडली, आणि आजची पॉप संस्कृती तिच्यावरूनच चालते.

यालाच ऋतूंची जोड होती. एदोकालात सामुराईंच्या पोशाखबदलाच्या तारखा ठरलेल्या: चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी अस्तराचे कपडे, पाचव्याच्या पाचव्या दिवशी बिनअस्तराचे, नवव्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा अस्तराचे आणि नवव्याच्या नवव्या दिवशी कापूस भरलेले. आजही जपानातल्या बऱ्याच शाळांचे गणवेश १ जून आणि १ ऑक्टोबरला बदलतात. आपण याला जपानी मनाचे निसर्गप्रेम म्हणून गौरवतो. ते असेलही. पण अस्तर लावायला आणि काढायला आधी कापड मुबलक हवे, आणि सुती कापडाची सुबत्ता हा सोळाव्या शतकानंतरच्या व्यापाराचा आणि नव्याने पसरलेल्या कापूसशेतीचा परिणाम होता. बारकाईने पाळलेली परंपरा पुष्कळदा सुबत्तेच्या मागून येते, हे इतिहासात नेहमी दिसते.

तिसरा आक्षेप मात्र मीच उभा करतो, कारण हा विषय निघाला की एक सूर हमखास लागतो: 'बघा, त्यांचेही सगळे आपलेच.' हा सूर खोटा आहे. चौलच्या विणकराने हाकामा शिवला नाही आणि गुजरातच्या कापड छापणाऱ्या छिप्याला गिओनचा देव ठाऊक नव्हता. कापड आमचे होते, पण ते कुठे लावायचे, कोणत्या दिवशी काढायचे आणि कुणाला दाखवायचे हे क्योटोच्या आळीने ठरवले, आणि सण घडतो तो याच निर्णयांतून. शिवाय पुढच्या काळात देवाणघेवाण उलटी फिरली. नवसारीत जन्मलेले जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, आणि त्याच साली निप्पॉन युसेन कंपनीची कोबे-मुंबई बोट सुरू झाली, ती हिंदुस्थानी कापूस न्यायला. काही दशकांत जपानी गिरण्यांचे कापड इथे इतके ओतले गेले की १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. त्याच सुमारास सुरतेचे माग कृत्रिम रेशमाकडे वळले, आणि त्यासाठी लागणारे सूत बाहेरून, जपानहूनही येत होते. आज सुरतेच्या कारखान्यांत वॉटरजेट माग चालतात. त्सुदाकोमा आणि टोयोटा ही नावे तिथल्या मागवाल्यांच्या बोलण्यात सहज येतात, आणि टोयोटाचा उगमही मोटारीत नव्हे, साकिची तोयोदाच्या मागात आहे. सुरतेची साडी यामुळे जपानी झाली नाही.

या यंत्रमागांवर काम करायला धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लाखो माणसे सुरतेत आली. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत अहिराणी सहज कानावर पडते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे खानदेशाची देवी कानबाई बसते, रोट होतात आणि सोमवारी विसर्जन होते. खानदेशातली शेते मागे राहिली, ग्रे कापडाचे तागे आणि रिंगरोडचे मार्केट पुढे आले, पण तिथी सुटली नाही. कानबाई सुरतेत आली म्हणून ती उसनी झाली असे कुणी म्हणत नाही. मग सारासा क्योटोत गेली म्हणून गिओन उसना कसा?

यावर कुणी विचारील की सामान कुठलेही चालते तर उत्तरायणाला नायलॉनचा मांजाही चालावा. सुरतेचा काच चढवलेला सुती मांजा प्रसिद्ध होता, त्याची जागा नायलॉनने घेतली, त्यात काय बिघडले? बिघडले ते असे की तो माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापतो, आणि म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्याला देशभर बंदी घातली. तो परदेशी आहे की देशी, हा प्रश्न त्या बंदीत गौण आहे. गिओनच्या आळ्यांनीही सामानाचा विचार सोडलेला नाही. जुने पडदे आणि गालिचे उन्हापावसाने विरू लागले, तेव्हा त्यांनी मूळ वस्त्रे जपून ठेवली आणि अनेक रथांसाठी त्यांच्या हुबेहूब नकला विणून घेतल्या. १८२६ पासून मिरवणुकीबाहेर राहिलेला ताकायामा हा रथ १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये पुन्हा रस्त्यावर आला, तोही नव्याने उभा करून. मूळ उगमापेक्षा आज काय चालेल आणि काय टिकेल, हा हिशेब त्यांना महत्त्वाचा वाटतो, आणि तो बरोबर आहे.

सुरतेच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान रीडची घुमटाची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करवणारा हा अधिकारी १६९१ मध्ये वारला. कतारगामची ती दफनभूमी पाहायला पर्यटक जातात, पण त्या माणसांच्या हिशेबवह्यांकडे फारसे कुणी जात नाही. मराठी संशोधकांनी डच कागद वाचले ते बहुतेक स्वाऱ्या, किल्ले आणि तह शोधण्यासाठी, आणि त्यातून मोलाचे बरेच हाती आले. त्याच दप्तरांत कापडाचे नग, दर आणि जहाजांची नावे आहेत. बटाव्हियाच्या मुख्य हिशेबनिसाच्या अठराव्या शतकातल्या वह्या तर आता नेदरलँड्समधल्या हायगेन्स संस्थेने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. त्यांत सुरतेहून काय निघाले आणि देशिमावर काय उतरले, हे जहाजवार शोधता येते. डच वाचू शकणाऱ्या मराठी अभ्यासकांची संख्या थोडी आहे, पण शून्य नाही. त्यांच्यापैकी कुणीतरी आता तलवारीच्या नोंदी बाजूला ठेवून ताग्यांच्या नोंदी मराठीत आणाव्यात.